सम येईपर्यंत दाबून धरलेलं बटण: ग्वाल्हेरच्या बैठकीसाठी कॅमेरा बदलताना

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका जुन्या घरात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी गाण्याची बैठक असते. घर काकांचं. काका रक्ताच्या नात्यातले नाहीत, ताईचे गुरुबंधू आहेत. पण आम्ही भावंडं लहानपणापासून त्यांना काकाच म्हणत आलो. दिवाणखान्यात दाटीवाटीनं चाळीसेक माणसं बसतात. जाजमावर पांढरी चादर, मागे दोन तानपुरे, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी. माइक नाही. पुढे जे सगळं घडलं, त्याचं मूळ या माइक नसण्यात आहे.

मी तिथे अकरा वर्षं फोटो काढतो आहे. हौस म्हणूनच, पैसे कधी घेतले नाहीत. कॅमेरा निकॉन डी५३००, २०१३ साली बाजारात आलेला. सोबत ३५ मिमी एफ १.८ आणि १८-१४० असे दोन डीएक्स, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीचे, लेन्स. तिसरा लेन्स मामांचा, फिल्मच्या काळातला ८५ मिमी एफ १.८ डी. मामा गेल्यावर मामींनी तो माझ्या हातात ठेवला. डी५३०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही आणि त्या जुन्या लेन्सला बॉडीतल्या मोटरनंच फिरवावं लागतं, म्हणून माझ्याकडे तो कायम हातानं फोकस करूनच वापरला गेला.

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली बैठक. ताई यमन गात होती. ख्याल अजून सुरू व्हायचा होता, आलाप चालला होता. तिनं षड्जावर येऊन सूर लावला आणि त्याच क्षणी मी बटण दाबलं. आरसा वर गेला, शटर उघडलं, मिटलं, आरसा खाली आला. रस्त्यावर जो आवाज कानांपर्यंत पोचणारही नाही, तो त्या खोलीत टाळीसारखा वाजला. ताईनं डोळे उघडले आणि परत मिटले. बैठक संपल्यावर पानदान पुढे सरकवत ती म्हणाली, "तुझे फोटो चांगले येतात रे, मी नाही म्हणत नाही. पण तो खटका नेमका माझ्या षड्जावर पडतो. मग मला सूर पुन्हा शोधायला लागतो."

काका तिथेच होते. ते म्हणाले, "फोटो काढ की. समेवर काढ." सम म्हणजे तालाच्या आवर्तनाची पहिली मात्रा.

कॅमेरा बदलायचा विचार त्या रात्री पहिल्यांदा आला. मी एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयात, हिशेब तपासतो. खर्च मंजूर करण्याआधी गरज कागदावर दिसायला हवी ही सवय हाडीमाशी मुरलेली आहे, आणि या प्रकरणात तिचा उपयोग झाला असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहून ठेवतो आहे.

आधी बिनपैशाची दुरुस्ती

कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका मी अकरा वर्षांत कधी पूर्ण वाचली नव्हती. ती वाचली. डी५३०० मध्ये 'क्यू' नावाची शांत शटरची सोय आहे. त्यात बटण पूर्ण दाबलेलं असेपर्यंत आरसा वरच राहतो आणि बोट सोडलं की खाली येतो. म्हणजे खटक्याचे दोन तुकडे होतात: पहिला तेव्हाच वाजतो, दुसरा आपल्या हातात असतो. मी बोट दाबून धरायला लागलो आणि समेवर तबल्याचा धा पडला की सोडायला लागलो. ग्वाल्हेर गायकीत तिलवाडा ताल पुष्कळ ऐकायला मिळतो. सोळा मात्रांचं आवर्तन कानात पक्कं असेल तर सम कधी येणार हे अगोदर कळतं. काकांचा सल्ला मी असा शब्दशः पाळला.

आणखी तीन गोष्टी बंद केल्या. फोकसला मदत म्हणून कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूनं अंधारात प्रकाश टाकणारा दिवा. तो इतकी वर्षं गाणाऱ्यांच्या डोळ्यांवर पडत होता आणि कुणी मला एका शब्दानं बोललं नव्हतं, याचं आजही वाईट वाटतं. फोटो काढल्यावर मागच्या पडद्यावर उजळून येणारं चित्र. आणि फोकस लागल्याची पीप. मी बसायची जागाही बदलली, पेटीच्या बाजूनं उठून तबल्याच्या बाजूला गेलो, कारण डग्ग्याच्या घुमाऱ्यात खटका बराच बुडतो.

एवढ्यानं ताईची तक्रार निम्मी झाली. निम्मी राहिली, कारण पहिला खटका होताच आणि आलापात तबला नसतो.

न काढलेल्या फोटोंची वही

इथे मी एक गोष्ट केली जी कॅमेरा बदलू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आग्रहानं सांगतो. सहसा आपण काढलेले फोटो बघतो आणि त्यांतल्या उणिवा मोजतो: इथे दाणे आले, इथे फोकस चुकला. मीही दोन वर्षांचे फोल्डर उघडून तसंच केलं. फोकस चुकलेले पुष्कळ निघाले. डी५३०० ला ३९ फोकस बिंदू आहेत, पण ते चौकटीच्या मधल्या भागातच गोळा झालेले. गाणारा कडेला हवा असेल तर मधल्या बिंदूनं फोकस लावून चौकट सरकवावी लागते आणि एफ १.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं असताना, तेवढ्यात डोळा सुटून कान स्पष्ट येतो. दाण्यांमुळे टाकलेले मात्र मोजकेच निघाले. आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ३२०० वरचा फोटो आठ बाय बारा इंचांत छापला तर बैठकीच्या मंडळींपैकी कुणालाच त्यात काही खटकलं नाही.

पण खरं नुकसान फोल्डरमध्ये नव्हतंच. जे मी दाबलंच नाही, त्याची फाइल कुठून असणार? म्हणून पुढच्या तीन बैठकींना छोटी वही घेऊन बसलो. बोट बटणावर गेलं आणि आवाजाच्या भीतीनं मागे आलं की एक रेघ. पहिल्या बैठकीत ३७ रेघा झाल्या. जवळजवळ सगळ्या आलापातल्या, नाहीतर विलंबित ख्यालाच्या पहिल्या काही आवर्तनांतल्या. द्रुत आणि तराण्यात एकही नव्हती. पुढच्या दोन्ही बैठकींचं चित्र असंच निघालं.

मला त्या रेघा बघून फार वेळ गप्प बसावं लागलं. ताईचा चेहरा सर्वांत सुंदर असतो तो आलापात. डोळे मिटलेले, डावा हात कानाजवळ, उजवा हवेत एखादी गोष्ट हळूच खाली ठेवावी तसा. अकरा वर्षांत माझ्याकडे तिचे तराण्यातले शेकडो फोटो जमले होते आणि षड्जावर उभे राहिल्याचे बोटांवर मोजण्याइतके. गरज मिळाली होती: आवाज न करणारी बॉडी. मेगापिक्सेल, सेकंदाला किती फोटो, व्हिडिओ हे सगळं यादीत खाली गेलं.

दिल्लीची फेरी

गरज कागदावर असूनही मन डळमळलं, तेही लिहायला हवं.

सकाळच्या गाडीनं दिल्लीला जायचं, चांदनी चौकातल्या कूचा चौधरीत कॅमेऱ्यांच्या दुकानांतून हिंडायचं आणि रात्रीपर्यंत परतायचं, हा ग्वाल्हेरच्या हौशी मंडळींचा जुना रिवाज. मीही गेलो, मामांचा ८५ पिशवीत घालून. एका दुकानात वापरलेला निकॉन डी७५० होता: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा), २०१४ चा, बॉडीत फोकसची मोटर असलेला. मी मामांचा लेन्स त्यावर चढवला, बटण अर्धं दाबलं आणि लेन्स घर्र करून फिरला. इतक्या वर्षांनी तो पहिल्यांदाच आपल्या पायांवर चालत होता. डोळ्यांत पाणी आलं. दुकानदार किंमत सांगत होता आणि मी मामांच्या हातांचा विचार करत होतो.

हातात पैसे होते. घेतला असता. पण तो घर्र आवाज डोक्यातून जाईना. त्या गजबजलेल्या गल्लीत जो आवाज मला ऐकू आला, तो काकांच्या दिवाणखान्यात किती मोठा झाला असता? वर फुल फ्रेमचा मोठा आरसा. म्हणजे जुन्या एका खटक्याच्या जागी मी दोन आवाज विकत घेणार होतो. डी७५० चांगली बॉडी आहे. लग्नाचे, जत्रेचे, वाड्यांचे फोटो काढणाऱ्यानं आजही वापरलेली घ्यावी, जुने डी लेन्स घरात असतील तर आवर्जून घ्यावी. माझ्या वहीतल्या रेघांना तिच्याकडे उत्तर नव्हतं.

त्याच गल्लीत दुसऱ्या एकानं एक नवी मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी बाजारभावापेक्षा बऱ्याच कमी किमतीत दाखवली. बिल मागितलं तर साध्या कागदावर लिहून देतो म्हणाला. परदेशातून आलेला, इथली वॉरंटी नसलेला माल. ग्वाल्हेरहून दुरुस्तीसाठी कुठेही जायचं तर एक दिवस आणि गाडीभाडं आधीच खर्ची पडतं, त्यात वॉरंटीही नसेल तर ती बचत कुठल्या कामाची. हात जोडून बाहेर पडलो.

उसना कॅमेरा आणि भिंतीवरचे पट्टे

मिररलेसमध्ये आरसा नसतोच. शिवाय बहुतेकांत पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटरची सोय असते. काहीही हलत नाही, म्हणून काहीही वाजत नाही. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे निकॉन झेड५० होता. त्याच्याकडून एका रविवारपुरता मागून घेतला, एफटीझेड ॲडॉप्टरसकट. या ॲडॉप्टरमधून निकॉनचे जुने एफ माउंटचे लेन्स झेड बॉडीवर बसतात. माझा ३५ मिमी त्यावर आपोआप फोकस झाला, कारण त्याची मोटर लेन्समध्येच आहे. मामांचा ८५ झाला नाही. ॲडॉप्टरमध्येही मोटर नाही. 'ॲडॉप्टर लावला की जुने सगळे लेन्स चालतात' असं मला दोघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. ते अर्धंच खरं आहे. ज्यांच्याकडे वडिलांचे, मामांचे डी लेन्स आहेत त्यांनी पैसे देण्यापूर्वी स्वतः लावून बघावं.

बैठकीत मूक शटर लावलं आणि ताईचा आलाप सुरू झाल्यावर पहिल्यांदा मोकळ्या मनानं बटण दाबलं. कुणाची मान वळली नाही. मी भारावून पुढची वीस मिनिटं फोटो काढत राहिलो. घरी येऊन बघतो तर प्रत्येक फोटोवर आडवे पट्टे, एक उजळ, एक अंधारा, एक उजळ, एक अंधारा. ताईच्या कपाळावरून, चादरीवरून, मागच्या भिंतीवरून.

कारण समजायला दोन दिवस लागले. आपल्याकडे विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा. त्यावर चालणारी चोकची ट्यूब आणि बरेचसे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते दिसत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर मात्र सेन्सर एका झटक्यात वाचत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचत जातं आणि तेवढ्या वेळात दिवा अनेकदा उजळून मंदावलेला असतो. मी सेकंदाच्या १/२५० वेगावर काढत होतो. काही ओळींना उजेडाचा वाटा जास्त मिळाला, काहींना कमी. तेच पट्टे.

पुढच्या शनिवारी काकांकडे दुपारी एकटा गेलो. त्यांनी दिवाणखाना उघडून दिला आणि बाजूला पेपर वाचत बसले. ट्यूब लावून रिकाम्या भिंतीचे मूक शटरनं फोटो काढले: १/५००, १/२५०, १/१२५, १/१००, १/५०. १/१०० वर पट्टे नाहीसे झाले. १/५० वरही. प्रत्येक ओळीला दिव्याची एक किंवा दोन पूर्ण आंदोलनं मिळाली की सगळ्यांचा वाटा सारखा होतो. १/१२५ इतकं जवळ असूनही तिथे पुसट पट्टे होतेच.

मग एक तानपुरा घेतला, काकांनी तार छेडली आणि मी मूक शटरनं फोटो काढला. तार नागमोडी आली, पाण्यातल्या काठीसारखी. तीच ओळीओळीनं वाचण्याची करामत. काका चष्मा वर करून बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिले. "सूर असाच दिसत असेल," म्हणाले. द्रुत लयीतल्या तबलजीची बोटंही या शटरनं काढली तर तिरपी, ताणल्यासारखी येतात. पण द्रुत लयीत मूक शटरची गरजच नसते, वही तेच सांगत होती.

इथून निर्णय आपोआप उतरत गेला

मूक शटर हवं, तर त्या खोलीत १/१०० किंवा १/५० हे दोनच वेग. आलापात माणूस स्थिर असतो, १/५० चालून जातो. पण माझे हात? झेड५० वर ८५ मिमी लेन्स फुल फ्रेमच्या १२७ मिमीसारखा दिसतो आणि तो हातात धरून १/५० वर काढायचा तर बॉडीत किंवा लेन्समध्ये थरथर सावरणारी सोय हवी. मामांच्या लेन्समध्ये ती नाही, झेड५० च्या बॉडीत नाही. पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात झेड५० टू जाहीर झाला तेव्हा सहकारी म्हणाला, थांबला असतास तर बरं झालं असतं. त्यातही बॉडीतलं स्टॅबिलायझेशन नाही, त्यामुळे थांबून माझा प्रश्न सुटला नसता.

माझ्या आवाक्यातल्या बॉड्यांमध्ये ही सोय झेड५ आणि झेड६ यांत होती. दोन्ही फुल फ्रेम, सेन्सरचं क्षेत्रफळ माझ्या डीएक्सच्या जवळपास २.३ पट, म्हणजे मंद उजेडात एका स्टॉपहून (उजेडाच्या दुपटीहून) थोडा अधिकच फायदा. कागदावर झेड६ सरस आहे. सेकंदाला फोटो जास्त, व्हिडिओ पूर्ण चौकटीचा. झेड५ सेकंदाला साडेचारच फोटो काढतो आणि ४के व्हिडिओत चौकट १.७ पट कापतो. पण मी एका आवर्तनात एक फोटो काढणारा माणूस आणि बैठकीचं ध्वनिमुद्रण काकांचा नातू वेगळं करतो. कार्डांनी मात्र फरक पाडला. पहिल्या झेड६ मध्ये एकच खाच आहे आणि तिला एक्सक्यूडी किंवा सीएफएक्सप्रेस कार्ड लागतं. ग्वाल्हेरात ऐनवेळी ते शोधायचं कुठे? झेड५ मध्ये साध्या एसडी कार्डांच्या दोन खाचा आहेत. माझी जुनी कार्डं चालतात आणि प्रत्येक फोटो दोन ठिकाणी लिहिला जातो. जे गाणं पुन्हा होणार नाही त्याच्या फोटोंसाठी दुसरी प्रत मला फार मोलाची वाटते.

मर्यादा एक लाखाची होती, ॲडॉप्टर धरून. त्यात बसवण्यासाठी वापरलेला झेड५ घेतला, मूळ बिल आणि सीरियल नंबर जुळवून. मालकासमोर एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग बघितले, दोन्ही खाचांत कार्डं घालून लिहून पाहिलं, शटर किती वेळा चाललं आहे ते फाइलमधल्या नोंदीतून काढलं. नवी लेन्स घेतली नाही. घरात विचारलं गेलं, "एवढे पैसे घातले आणि लेन्स तीच जुनी?" हो, तीच.

३५ मिमी डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर लावला की कॅमेरा आपणहून चौकट कापतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. हे ऐकून लोक हळहळतात. मी हिशेब केला: आठ बाय बारा इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला २४०० गुणिले ३६००, म्हणजे ८.६ मेगापिक्सेल पुरतात. काकांच्या भिंतीवर याहून मोठा फोटो लावायला जागा नाही. तेव्हा ३५ मिमीही राहिला.

मामांचा लेन्स

स्वतः फोकस होणार नाही हे माहीत असूनही ८५ मिमी माझा मुख्य लेन्स झाला. डी५३०० च्या लहान खिडकीतून हातानं फोकस करताना माझा अंदाज चालायचा. झेड५ च्या इलेक्ट्रॉनिक खिडकीत चित्र मोठं करून बघता येतं आणि जिथे फोकस आहे तिथल्या कडा रंगानं उजळतात. पापणीच्या केसांवर रंग चढला की दाबायचं. तीन मीटरवरून एफ १.८ वर स्पष्टपणाची खोली तेरा सेंटिमीटरच्या आसपास मिळते. ताई गाताना पुढेमागे डुलते त्याहून ती कमी. एफ २.८ वर ती जवळजवळ वीतभर होते. स्टॅबिलायझेशनमुळे १/५० हाताशी असल्यानं एफ २.८ परवडतं. मी आता बहुतेक तिथेच असतो: एफ २.८, १/५०, आयएसओ ३२०० ते ६४००.

आलापात आणि विलंबितात मूक शटर. मध्य लयीत इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा, म्हणजे शटर उघडतं इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं आणि मिटतं यांत्रिक. त्याचा आवाज इतका मऊ आहे की तबल्याखाली ऐकू येत नाही. तराणा सुरू झाला की साधं यांत्रिक शटर आणि १/२५० च्या वर. कॅमेऱ्याच्या एका बटणावर ही अदलाबदल ठेवली आहे. लय बदलली की बोट तिकडे जातं.

एक तोटा लिहायला हवा. आरसा नसल्यानं लेन्स काढली की सेन्सर थेट उघडा पडतो. उन्हाळ्यात आपल्याकडे जी धूळ उडते तिच्यात बाहेर लेन्स बदलणं मी सोडलं. बैठकीला निघतानाच कुठला लेन्स ते ठरवतो.

जिथे नवा कॅमेरा हरला

२०२४ च्या डिसेंबरात तानसेन समारोहाचं शंभरावं वर्ष होतं. हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी मोठा मंच, मोठी गर्दी. मी श्रोत्यांमध्ये, बऱ्याच मागे. तिथे मोठे लाउडस्पीकर, शटरचा आवाज शेजारच्यालाही ऐकू येत नव्हता. लांबचं दिसायला माझ्याकडे एकच लेन्स, १८-१४० डीएक्स. झेड५ वर त्यातून १० मेगापिक्सेल मिळाले. दुसऱ्या संध्याकाळी तोच लेन्स डी५३०० वर लावून नेला तर तीच चौकट २४ मेगापिक्सेलमध्ये मिळाली. एफ ५.६ वर आणि दूरच्या उजेडात दोन्हींचे फोटो मध्यम प्रतीचेच आले, पण त्यातल्या त्यात जुन्याचे बरे. लांबचा, मोठ्या छिद्राचा लेन्स नसेल तर बॉडी कितीही बदला, मागच्या रांगेतून गायकाचे डोळे दिसत नाहीत. जुनी बॉडी विकून टाकण्याचा विचार मी त्या रात्री सोडला.

ताईचा फोटो, आणि दोन बल्ब

नव्या कॅमेऱ्याच्या चौथ्या बैठकीनंतर मी ताईला आलापातले सहा फोटो छापून दिले. तिनं एकेक हातात घेऊन बघितला. तिसऱ्यावर थांबली. "हा कधी काढलास?" मी सांगितलं, मंद्र सप्तकातून वर येऊन षड्जावर थांबलीस तेव्हा. ती काही बोलली नाही. तो फोटो आता तिच्या तानपुऱ्याच्या वरच्या भिंतीवर आहे.

एक अडचण मात्र उरली होती. विलंबित ख्याल चढत जातो, बोलआलापात हात वेगानं फिरायला लागतात. तिथे शांतता अजून हवी असते पण १/१०० वर हात पुसला जातो. १/२५० वर गेलं की पट्टे. कॅमेऱ्यातली झगमग टाळण्याची सोय मूक शटरबरोबर चालत नाही. मी काकांशी बोलताना सहज म्हणालो की अडचण कॅमेऱ्याची कमी आणि ट्यूबची जास्त आहे. जुन्या तारेच्या बल्बमध्ये तार तापलेलीच राहते, त्यामुळे उजेड इतका वरखाली होत नाही.

पुढच्या दुसऱ्या रविवारी गेलो तर ट्यूब बंद होती. काकांनी माळ्यावरून शंभर वॅटचे दोन जुने बल्ब काढून, पुसून, बैठकीच्या दोन्ही बाजूंना लावले होते. मी भिंतीचा एक फोटो १/२५० वर मूक शटरनं काढून बघितला. पट्टे जवळजवळ दिसत नव्हते. भिंत, चादर, तानपुऱ्याचा भोपळा, सगळं पिवळं झालं होतं. मी कॅमेऱ्यात रंगाचा समतोल बल्बसाठी लावला आणि तबल्याच्या बाजूला माझ्या जागेवर जाऊन बसलो. ताई तानपुरा जुळवत होती.